तात्यांची गोळी आणि नातवाचा डबा

आमच्या मेडिकलमधून एकाच घरात दोन गोष्टी जात होत्या, एक तात्यांची पार्किन्सनची गोळी आणि दुसरा नातवाने आजोबांसाठी नेलेला अमायनो ॲसिडचा (प्रोटीन ज्या तुकड्यांनी बनतं त्यांचा) डबा, आणि महिनाभर तो डबा त्या गोळीचं काम बिघडवत होता हे माझ्या लक्षातच आलं नाही. दोन्ही बिलं माझ्याच काउंटरची. त्याचं मला अजून वाईट वाटतं, म्हणून सगळं पहिल्यापासून लिहून काढतोय. घरच्यांना विचारून लिहितोय, नावं घातलेली नाहीत, तात्या म्हणजे तात्या एवढंच पुरे.

तात्यांचं वय ७४. कोल्हापुरात मंगळवार पेठेत तीन पिढ्या राहणारं घर. पोरसवदा असताना तालमीत होते, उमेदीच्या काळात वजन ९२ किलो, खासबागेत कुस्ती खेळलेले. ते मैदान शाहू महाराजांनी १९१२ साली बांधून घेतलं, त्या मातीत उतरलो हे सांगताना तात्यांचा आवाज आजही मोठा होतो (एरवी पार्किन्सनने आवाज बारीक झालाय, फोनवर तर कळतच नाही काय म्हणतात ते). नंतर शिरोलीला फौंड्रीत नोकरी, तिथूनच रिटायर. सात वर्षांपूर्वी उजव्या हाताचा अंगठा नुसता बसल्या बसल्या थरथरायला लागला, मग बँकेतून पैसे काढायची स्लिप परत आली, सही जुळत नाही म्हणून. सही लहान लहान होत गेली होती, शेवटची अक्षरं तर मुंगीएवढी. तिथून डॉक्टर, तपासणी आणि निदान, कंपवात म्हणजेच पार्किन्सन.

औषध तेच जे बहुतेकांना असतं, लेवोडोपा आणि कार्बिडोपा एकत्र असलेली गोळी, १०० मिलिग्रॅम लेवोडोपा (मेंदूत पोचून काम करणारं मुख्य औषध) आणि २५ कार्बिडोपा (लेवोडोपा वाटेतच संपू नये म्हणून). दिवसातून चार वेळा, सकाळी ६, १०, दुपारी २ आणि संध्याकाळी ६. काकूंच्या मोबाईलमध्ये चार अलार्म लावलेले. या पेशंटच्या घरात एक भाषा तयार होते, गोळी 'लागली' आणि गोळी 'उतरली'. लागली की माणूस उठतो, बटण लावतो, चहाचा कप धरतो, जिना उतरतो. उतरली की तोच माणूस खुर्चीत ओंडक्यासारखा. या औषधाचा असर रक्तात फार वेळ टिकत नाही, साधारण दीड तासात अर्धं संपतं, त्यामुळे पेशंट जुना झाला की दिवसभर हा चढउतार चालू राहतो. तात्यांचं तरी बरं चाललं होतं. गोळी घेतली की पाऊण तासात लागायची, ७ वाजता स्वतः तुळशीला पाणी घालायचे.

मग वजन. ९२ चा माणूस ६४ वर आलेला. वय, आजार, घास गिळायला वेळ लागतो म्हणून ताट अर्धं राहायचं, सगळं मिळून. दंड एवढे बारीक झाले की बंडीच्या बाहीतून आरपार दिसावं. घरातला नातू इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, जिमला जातो, अंगानं चांगला, आणि आजोबांवर जीव. तो दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुकानात आला आणि म्हणाला काका मसल लॉससाठी बीसीएए चांगलं कुठलं (बीसीएए म्हणजे जिमवाले स्नायूंसाठी घेतात ती तीन अमायनो ॲसिडची पावडर). मला वाटलं स्वतःसाठी. मी दोन कंपन्यांचे दाखवले, त्यातला एक त्याने घेतला, मॅंगो फ्लेवर, ३० स्कूपचा. कोणासाठी हे मी विचारलं नाही. डबा ओरिजनल होता, सील मी स्वतः बघून दिलं, एफएसएसएआयचा चौदा आकडी नंबर, तारीख सगळं व्यवस्थित. हे मुद्दाम सांगतो कारण सप्लिमेंट म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न असली की नकली हाच असतो, आणि इथे डबा पूर्ण असली होता.

नंतर तो डबा मी हातात घेऊन नीट वाचला. एका स्कूपमध्ये ७ ग्रॅम बीसीएए, म्हणजे ल्युसिन साडेतीन ग्रॅम, आयसोल्युसिन आणि व्हॅलिन पावणेदोन पावणेदोन ग्रॅम. वर बी-६ व्हिटॅमिन घातलेलं. मागच्या बाजूला, पोषणाच्या तक्त्याखाली, भिंग लागावं अशा इंग्रजी अक्षरात लिहिलेलं की औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारा. कुठली औषधं, काय होतं, काही नाही. आणि काकूंना इंग्रजी वाचता येत नाही.

काकूंनी आपल्या सोयीनं वेळ ठरवली. सकाळी ६ च्या गोळीला पाणी लागतंच, त्याच पाण्यात एक स्कूप. दुपारी २ च्या गोळीला दुसरा. मला नंतर म्हणाल्या, "मी मुद्दाम गोळीसंगंच दिलो बघा, म्हंजे इसरायला नको. आंब्याचा वास येतोय म्हणून त्येनी पण गुमान पीत होते." एवढं मनापासून, एवढं वेळेवर. तिथंच घोटाळा झाला.

आठवड्याभरात सकाळ बिघडली. ६ ची गोळी ८ वाजले तरी लागेना, तुळशीचं पाणी राहिलं. कोजागिरीला गच्चीवर दूध प्यायला चढलेच नाहीत. मग पाय चिकटायला लागले, हे ज्याने पाहिलं नसेल त्याला सांगून पटत नाही, माणूस चालत चालत दाराशी येतो आणि उंबऱ्यापुढे पाय जमिनीला खिळ्याने ठोकल्यासारखा थांबतो, वरचं अंग पुढे जातं आणि पाय मागेच. नातवाने एक युक्ती शोधली होती, तो समोर उभा राहून शड्डू ठोकायचा, एक दोन एक दोन, आणि त्या तालावर तात्यांचा पाय उचलायचा. ही युक्ती खरंच चालते, ताल ऐकला किंवा जमिनीवर आडवी रेघ दिसली की अडकलेला पाय सुटतो, फिजिओथेरपीवाले हेच शिकवतात. पण प्रत्येक वेळी नातू घरात असतो असं नाही. दसऱ्यापासून नवव्या दिवशी सकाळी पावणेआठला तात्या बाथरूमच्या दारात पडले. भुवईवर तीन टाके. हाड वाचलं.

घरात सगळ्यांनी एकच अर्थ काढला, आजार वाढला. कोणीही हाच काढेल. पार्किन्सन वाढतच जातो हे सगळ्यांना माहीत असतं. दिवाळीच्या आधी न्यूरोलॉजिस्टकडे नेलं, तिथे विचारलं गेलं की अजून काही औषध चालू आहे का, आणि घरच्यांनी खरं ते उत्तर दिलं, नाही. पावडर म्हणजे औषध नाही ना. पावडर म्हणजे ताकद. डॉक्टरांनी पुढ्यात जो पेशंट दिसला त्याप्रमाणे डोस वाढवला, प्रत्येक वेळी दीड गोळी. यात मी त्यांना दोष देत नाही, जे सांगितलं गेलं त्यावर तोच निर्णय बरोबर होता.

आणि मग दिवाळीत वेगळंच सुरू झालं. सकाळ थोडीच सुधारली, पण संध्याकाळी ७ च्या सुमाराला तात्यांचं अंग आपोआप हलायला लागलं, मान डोलते, खांदा फिरतो, पाय वळवळतो, बसवत नाही. याला डिस्कायनेशिया म्हणतात, औषध जास्त झाल्याची खूण. रात्री अंगणात पैलवान उभे आहेत म्हणायचे, लंगोट लावून, माती अंगाला लावून, त्यांना आत बोलवा, दूध द्या. काकू रडायच्या. घाबरण्यासारखंच होतं ते. सकाळी औषध कमी पडतंय आणि संध्याकाळी तेच औषध जास्त होतंय, एकाच माणसाला, एकाच दिवशी, एकाच पट्टीतल्या गोळीने.

तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी नातू तिसरा डबा घ्यायला आला. दुसरा डबा आमच्याकडच्या पोराने दिला होता, मी दुपारी जेवायला गेलो होतो तेव्हा. तिसऱ्याला मी होतो. मी सहज म्हणालो, अरे तीस दिवसांत तीन डबे, दिवसाला किती घेतोस. तो म्हणाला मी कुठं घेतोय काका, आज्जासाठी हाय, दोन टाइम, गोळीबरोबर. आणि त्याच वेळी त्याच्या दुसऱ्या हातात तात्यांचं नवीन प्रिस्क्रिप्शन होतं, वाढवलेल्या डोसचं. काउंटरवर एका बाजूला डबा आणि एका बाजूला ती चिठ्ठी. डी. फार्मला असताना पाठ केलेली एक ओळ, लेवोडोपा प्रोटीनयुक्त जेवणासोबत देऊ नये, ती त्या क्षणी आठवली आणि पोटात गोळा आला. पंचवीस वर्षं मी हे पेशंटना तोंडाने सांगतोय की गोळी जेवणाआधी अर्धा तास घ्या, आणि डबा विकताना ते डोक्यात नव्हतं, कारण डब्याचं शेल्फ वेगळं आणि गोळ्यांचं वेगळं.

डबा दिला नाही. पण लगेच हेच कारण आहे असंही म्हणालो नाही, कारण माझी खात्री नव्हती. त्याला दोनशे पानी वही दिली आणि सांगितलं तीन दिवस यात फक्त लिही, गोळी किती वाजता, पावडर किती वाजता, खाल्लं काय, कितीला लागली, कितीला उतरली, हलणं कधी. घरात आधीचा डबा थोडा शिल्लक होता. आता कुणी विचारेल की तीन दिवस अजून का द्यायचं, तर दिलंच नाही, त्याच संध्याकाळी मी डॉक्टरांच्या असिस्टंटना फोन केला, त्यांनी सांगितलं पावडर लगेच बंद करा, गोळीला हात लावू नका, उद्या परवा घेऊन या. म्हणून वहीत आठवून आठवून मागचे तीन दिवस लिहिले आणि पुढचे तीन दिवस प्रत्यक्ष.

मागच्या तीन दिवसांचं पान मी अजून फोटो काढून ठेवलंय. निळ्या पेनाने, रेघा मारून. ६ ची गोळी, पावडर हो, लागली पावणेनऊला थोडी. १० ची गोळी, पावडर नाही, लागली पावणेअकराला, ११ नंतर मान हलते. २ ची गोळी, पावडर हो, जवळजवळ लागलीच नाही, ५ पर्यंत खुर्चीत. ६ ची गोळी, पावडर नाही, लागली साडेसहाला, ७ ते साडेआठ पूर्ण अंग हलतंय. बिघडली, बरी, बिघडली, बरी. आजार वाढतो तेव्हा तो एक गोळी सोडून एक गोळी असा निवडून वाढत नाही. ते पान बघून काकूसुद्धा काही न सांगता म्हणाल्या, अगं बाई, पावडर.

आता हे असं का होतं ते सांगतो, कारण यातलं खरं कळलं तर माणूस आयुष्यभर विसरत नाही. लेवोडोपा हे स्वतःच एक अमायनो ॲसिड आहे. आपण त्याला औषध म्हणतो पण शरीराच्या दृष्टीने ते ल्युसिन, व्हॅलिन, फेनिलॲलॅनिन, टायरोसिन यांच्याच भावकीतलं. लहान आतड्यातून रक्तात जाताना आणि पुन्हा रक्तातून मेंदूत शिरताना या सगळ्यांना वाहून नेणारी दारं तीच. खासबागेत मोठ्या मैदानाच्या दिवशी एकाच दारातून सगळी गर्दी आत घुसत्येय आणि ज्याची कुस्ती आहे तो पैलवानच बाहेर अडकलाय, असं समजा. दारावरच्या माणसाला पैलवान कोण आणि प्रेक्षक कोण कळत नाही. तात्यांची गोळी १०० मिलिग्रॅम लेवोडोपा. स्कूपमध्ये ७००० मिलिग्रॅम बीसीएए. एकास सत्तर.

१९८४ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये यावर एक अभ्यास आला होता, तो मला फार महत्त्वाचा वाटतो. पार्किन्सनच्या पेशंटना लेवोडोपा शिरेतून सतत चालू ठेवलं, म्हणजे आतड्याचा प्रश्नच बाजूला. मग त्यांना तोंडाने अमायनो ॲसिड दिली. फेनिलॲलॅनिन, ल्युसिन किंवा आयसोल्युसिन दिलं की औषधाचा परिणाम गेला, रक्तात लेवोडोपा होतं तेवढंच असताना गेला. ग्लायसिन आणि लायसिन दिलं तर काही झालं नाही, कारण ती त्या दाराने जात नाहीत. म्हणजे मेंदूच्या दाराशीच अडवणूक. त्यांनी दिलेलं प्रमाण होतं वजनाच्या किलोमागे १०० मिलिग्रॅम. तात्या ६४ किलो, म्हणजे ६.४ ग्रॅम. आमच्या डब्यातला एक स्कूप बरोबर तेवढ्याच घरात येतो. हे गणित मी बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूला केलं आणि काही वेळ नुसता बसून राहिलो.

मटण किंवा अंडं यापेक्षा पावडर जास्त त्रास का देते, तर मटण पचायला वेळ लागतो, त्यातली अमायनो ॲसिड हळूहळू सुटतात. पावडरमध्ये ती आधीच सुटी. पाण्यात टाकली, प्यायली, अर्ध्या पाऊण तासात रक्तात. गोळीही त्याच वेळेला रक्तात चढत असते. यापेक्षा वाईट वेळ काढायची म्हटली तरी सापडली नसती. बी-६ चं म्हणाल तर ते जास्त झालं की लेवोडोपा मेंदूत जायच्या आधीच वाटेत संपतं, पण गोळीत कार्बिडोपा असतं त्यामुळे तो प्रश्न बऱ्यापैकी मिटतो.

पावडर बंद केल्यावर दुसऱ्याच दिवशी ६ ची गोळी पावणेसातला लागली. हे ऐकायला छान वाटतं पण खरा धोका त्याच दिवशी होता, कारण आता अडवणारं काही नाही आणि डोस दीड गोळीचा. त्या दिवशी सकाळीही अंग हलायला लागलं. म्हणून डॉक्टरांनी भेटीत वही बघितली, चार पानं उलटली, आणि डोस पुन्हा एक एक गोळीवर आणला. इथे एक गोष्ट हात जोडून सांगतो, पार्किन्सनची गोळी घरच्या घरी कमी करायची नाही, अचानक बंद तर अजिबात नाही, अंग ताठरून ताप चढून जिवावर बेतू शकतं. सप्लिमेंट आपण बंद करू शकतो, गोळी डॉक्टरच बदलतात. अंगणातले पैलवान पाच सहा दिवसांत गेले.

आता खरंच पावडरच कारणीभूत होती का, की योगायोग. डॉक्टरांनीही हे विचारात घेतलं, लघवीची तपासणी केली कारण म्हाताऱ्या माणसाला साधं युरिन इन्फेक्शन झालं तरी पार्किन्सन एकदम बिघडल्यासारखा दिसतो, ती नॉर्मल आली. बद्धकोष्ठता होती, तिने पण गोळी उशिरा लागते, पण ती आधीपासून होती. मला स्वतःला पटलं ते जानेवारीत. पुतण्याच्या पोराचं जावळ होतं, मटणाचं जेवण, तांबडा पांढरा, पंगतीला उशीर झाला आणि तात्यांनी पावणेदोनला भरपूर मटण खाऊन २ ची गोळी घेतली. साडेचारपर्यंत मांडवातल्या खुर्चीतून उठता आलं नाही. त्या दिवशी संध्याकाळची गोळी रिकाम्या पोटी घेतली ती नेहमीसारखी लागली. एका पेशंटवरून शास्त्र होत नाही हे मला माहिती आहे, पण डबा, वही आणि हे जावळ तिन्ही एकाच बाजूला बोट दाखवतात.

सेफ्टीचा प्रश्न मला लोक फार विचारतात, अमायनो ॲसिड सेफ आहे का हो. त्याचं उत्तर आकड्यात शोधायला गेलो तर तात्यांच्या बाबतीत काय निघतं बघा. ल्युसिनवर माणसांमध्ये अभ्यास झालेत, निरोगी तरुण पुरुषांना दिवसाला किलोमागे साधारण ५०० मिलिग्रॅमपर्यंत शरीर निभावतं, म्हातारपणी ते ४३० च्या आसपास येतं, म्हणजे दिवसाला ३० ग्रॅमच्या जवळ. तात्या पावडरमधून घेत होते ७ ग्रॅम. त्या मापाने अगदी सुरक्षित, जेमतेम चौथा हिस्सा. आणि तरी भुवईवर तीन टाके. कारण ते माप विष किती झाल्यावर चढतं त्याचं आहे. दारात अडवणूक किती झाल्यावर होते याचं माप वेगळं आणि ते फक्त त्यालाच लागू ज्याच्या औषधाला त्या दाराने जायचंय. आमच्याकडे येणारा विशीतला जिमवाला पोरगा, किडनी लिव्हर चांगलं, डब्यावर लिहिलंय तेवढंच घेतोय, त्याला बीसीएएने काही होईल असं मला वाटत नाही, फार तर पैसे जातील, कारण अंडी दूध डाळ पुरेशी असेल तर वरून त्याचा फायदा थोडाच.

पण काउंटरवर मी आता थांबतो असे अजून काही लोक आहेत. हार्ट ॲटॅक येऊन गेलेला माणूस एल-आर्जिनिन मागतो, रक्तवाहिन्या मोकळ्या होतात म्हणून. अमेरिकेत ॲटॅकनंतरच्या पेशंटवर हाच प्रयोग केला होता, ३ ग्रॅम दिवसातून तीन वेळा, २००६ मध्ये जामा या वैद्यकीय मासिकात निकाल आला, आर्जिनिनच्या गटात सहा जण गेले आणि प्लासिबोच्या म्हणजे नुसत्या दिखाऊ औषधाच्या गटात एकही नाही, अभ्यास मधेच थांबवावा लागला. गट लहान होता हे खरं, पण फायदा काहीच दिसला नाही, मग कशासाठी घ्यायचं. डिप्रेशनची गोळी चालू असलेला झोपेसाठी ट्रिप्टोफॅन किंवा ५-एचटीपी घेतो, दोन्ही मिळून सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन धोक्याच्या पातळीला जाऊ शकतं. याच ट्रिप्टोफॅनचं १९८९ चं प्रकरण तर मोठं, अमेरिकेत दीड हजारावर लोकांना स्नायूंचं भयंकर दुखणं आणि रक्तातल्या इओसिनोफिल पेशी वाढणं असा आजार झाला, तीसच्या वर माणसं गेली, माग काढला तर बहुतेक माल जपानमधल्या एकाच कारखान्याचा निघाला, त्यात अशुद्धी होती. आणि याच्या अगदी उलट, लिव्हर सिरॉसिसने मेंदूवर परिणाम झालेल्या काही पेशंटना डॉक्टर स्वतः बीसीएए देतात, त्याचा तिथे उपयोग होतो. तोच मॅंगो फ्लेवरचा रेणू, एकाला पाडतो, दुसऱ्याला शुद्धीवर ठेवतो.

तात्यांच्या वजनाचा प्रश्न मात्र राहिलाच होता, आणि नातवाची काळजी चुकीची नव्हती. प्रोटीन तोडायचं हा उपाय नव्हेच, तोडलं तर ६४ चे ५८ होतील. डाएटिशियनबाईंनी प्रोटीनची जागा बदलली. दिवसभरात साधारण ६५ ग्रॅम, त्यातलं बरंचसं रात्री साडेआठच्या जेवणात, कारण रात्री गोळी थोडी कमी लागली तरी माणूस अंथरुणातच असतो. सकाळी गोळी नुसत्या पाण्यासोबत, तासाभराने नाष्टा, पोहे, उपमा किंवा भाकरी-भाजी. मटण आणि अंडी रात्री. पूर्वी तात्या संध्याकाळी गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर जाऊन समोर काढलेलं म्हशीचं दूध प्यायचे, त्या एका मोठ्या ग्लासात नऊ दहा ग्रॅम प्रोटीन असतं आणि वेळ नेमकी ६ च्या गोळीची. आता ते दूध नातू किटलीतून आणतो आणि तात्या झोपताना पितात. सगळ्याच पार्किन्सनवाल्यांना एवढं करावं लागत नाही, आजार नवा असेल तर अनेकांना जेवणाचा फरक जाणवतही नाही, ज्यांची गोळी चढते उतरते त्यांचा हा प्रश्न आहे.

खुराकाचं अजून एक. तालमीतले एक जुने जोडीदार तात्यांना बघायला आले आणि कवचबीजाचं चूर्ण घेऊन आले, आम्ही पोरं असताना दुधातून खायचो, नसा धरतंय, म्हणाले. प्रेमानेच आणलं. आणि गंमत नव्हे, कवचबीजात म्हणजे खाजकुयलीच्या बियांत लेवोडोपाच असतं, कंपवातावर आयुर्वेदात ते वापरतातही. म्हणजे पावडरने औषध अडत होतं, आणि हे घेतलं असतं तर मोजमाप नसलेलं जास्तीचं औषध पोटात गेलं असतं, पुन्हा अंगणात पैलवान. काकूंनी चूर्णाची पिशवी थेट माझ्याकडे पाठवली, आधी विचारून मग देतो म्हणाल्या. त्या दिवशी मला फार बरं वाटलं.

दुकानात मी एक साधा बदल केलाय. सप्लिमेंटचा कुठलाही डबा जाताना पोरगा विचारतो, कोणासाठी आणि गोळ्या कुठल्या चालू. काही लोक चिडतात, तुला काय करायचंय म्हणतात. विचारतोच. आणि लेवोडोपाच्या प्रत्येक पाकिटावर मी स्वतः मार्करने मराठीत लिहितो, फक्त पाण्यासोबत, दूध पावडर प्रोटीन एक तास लांब, लोहाची गोळी पण लांब. लोहाचं त्यात घातलं कारण तेही या औषधाला आतड्यात धरून ठेवतं आणि म्हाताऱ्या माणसांना रक्त वाढायची गोळी बऱ्याचदा चालू असते.

मार्चमध्ये तात्यांचं वजन ६६ भरलं. सकाळचं तुळशीचं पाणी परत त्यांच्याकडे आलंय. दुपारी २ ची गोळी अजून कधीकधी उशिरा लागते, आजार आहेच तो, तेव्हा उंबऱ्यापाशी पाय अडतो. नातू घरात असला तर समोर जाऊन उभा राहतो आणि मांडीवर हात मारतो, एक, दोन, आणि तात्या येतात बाहेर.